माणसें मिळत नाहींत

गेल्या महिन्यांत एका मुंजीच्या निमित्तानें वाईस मामांकडे चार दिवस राहण्याचा योग आला. शेवटची पंगत उठल्यावर माजघरांत बायकांचें आणि ओसरीवर पुरुषांचें जें बोलणें चाललें होतें, त्याचा विषय एकच होता : माणसें मिळत नाहींत. आंत धुण्याभांड्यांना मिळत नाहींत, बाहेर शेतावर मिळत नाहींत. "लोकांना आयतें खाण्याची संवय लागली," असा निकाल मामांनीं पान लावतां लावतां देऊन टाकला आणि सर्वांनीं माना डोलावल्या.

या चर्चेंत एकच व्यक्ति सामील नव्हती. ती परसांत ताटें घाशीत होती. आम्ही तिला मावशी म्हणतों. ती मूळची आटपाडीकडची. नवरा वाशीच्या बाजारांत माथाडी, भाऊ दक्षिणेंत कुठेंसा सोनें गाळण्याच्या दुकानांत. भाऊ गांवीं परत कां येत नाहीं, असें मीं सहज विचारलें. मावशी म्हणाली, "कशापायी यायचं? हितं पाऊस पडला तर काम, न्हाई तर बसा." माजघरांतल्या आणि ओसरीवरच्या साऱ्या चर्चेपेक्षां या एका वाक्यांत मला अधिक अर्थ दिसला, म्हणून या महिन्यांत तोच विषय घेत आहें.

सातारा आणि सांगली हे एकेकाळीं एकाच जिल्ह्याचे भाग होते. १९४९ मध्यें दक्षिण सातारा निराळा झाला आणि १९६० मध्यें त्यालाच सांगली हें नांव मिळालें. या दोन जिल्ह्यांत पावसाची जी विषमता आहे, तशी क्वचितच कुठें असेल. महाबळेश्वरास वर्षाकाठीं पांच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो; तेथून सरळ रेषेंत शंभर किलोमीटरांच्या आंत असलेल्या दहिवडीस पांचशेच्या आसपास. मधून कृष्णा वाहते. तिच्या कांठीं कऱ्हाड-वाळव्याच्या मळ्यांत बारमाही काम असतें, म्हणून तेथील मजूर मालकाशीं दोन शब्द बोलूं शकतो. माण, खटाव, आटपाडी, जत येथें काम पावसाबरोबर येतें आणि पावसाबरोबर जातें. जें मिळेल त्यावर राबणें एवढेंच मजुराच्या हातीं उरतें. तेंच मनगट आणि तेंच खुरपें, पण तालुका बदलला कीं मोल बदलतें.

हा सगळा पावसाचाच खेळ म्हणावा, तर पाटण आडवें येतें. पाटणांत पावसाला तोटा नाहीं. तोटा आहे तो सपाट जमिनीचा. डोंगरउतारावरच्या तुकड्यांत घर चालत नाहीं. शिवाय कोयनेच्या धरणाखालीं कित्येकांचीं गांवें गेलीं. कोयनेची वीज मुंबईच्या गिरण्यांना गेली आणि पाटणचा तरणा गडीहि मुंबईलाच गेला. तेथें सातारकरांनीं दोन ठिकाणीं जम बसविला : गिरणींत आणि गोदींबाजारांत ओझ्याखालीं. गिरणींत शिरकाव होई तो जॉबरच्या ओळखीनें. जॉबर आपल्या भावकींतला, गांवांतला माणूस आंत घेई. मामांना हें सांगतांच ते म्हणाले, "म्हणजे वशिलाच कीं!" खरें आहे. पण आपल्या घरांतला पहिला मुलगा बँकेंत चिकटला तो कसा, हें जरा आठवून पाहावें. त्याच्या हातीं प्रमाणपत्र होतें आणि ओळखहि होती. गिरणीवाल्याजवळ नुसती ओळख होती, एवढाच फरक.

हा फरक मात्र लहान नव्हे. १९४८ च्या फेब्रुवारींत या भागांतले आपले अनेक वाडे जळाले, आणि त्याच सालीं कुळकायदाहि झाला. पुष्कळ घरें पुण्या-मुंबईस गेलीं. त्या दुःखाच्या आठवणी अजून घरोघर सांगितल्या जातात, आणि त्या खोट्या नाहींत. परंतु जातांना आपण बरोबर शाळेंतलें शिक्षण नेलें, आणि एका पिढींत पुन्हा उभे राहिलों. आपल्याच शेतावर राबणारा जो गडी दुष्काळांत गांव सोडून गेला, त्याला बरोबर नेण्याजोगे नुसते खांदेच होते.

या खांद्यांनाहि पुढें किंमत आली, पण ती कुणीं आपण होऊन दिली नाहीं. पाटण तालुक्यांतले अण्णासाहेब पाटील यांनीं हमालांना एकत्र केलें, आणि १९६९ मध्यें माथाडी कामगारांचा कायदा झाला. त्यापूर्वीं हमाल कोणाचा नोकर हेंच ठरत नसे. आज या व्यापाऱ्याचा, उद्यां त्या. कायद्यानें मंडळें नेमलीं, व्यापाऱ्यांनीं मजुरी मंडळांत भरावी आणि मंडळानें ती वांटावी असें ठरलें, आणि भविष्यनिधि, भरपगारी सुट्टी हे शब्द प्रथमच पाठीवर पोतें घेणाराच्या वांट्याला आले.

दुसरी गोष्ट याहून घरची आहे. तासगांव तालुक्यांतील विसापूरचे वि. स. पागे हे विधान परिषदेचे सभापति होते. काम मागणाऱ्याला सरकारनें काम दिलेंच पाहिजे, ही कल्पना त्यांची, आणि तिचा पहिला प्रयोगहि तासगांव तालुक्यांतच झाला. १९७२ च्या दुष्काळांत ती राज्यभर पसरली, १९७७ मध्यें तिचा कायदा झाला व २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलांत आला. पुढें २००५ चा देशाचा कायदा झाला तो याच धर्तीवर. खर्च भागविण्यासाठीं १९७५ मध्यें व्यवसाय कर बसविला. पगारपत्रकावर 'प्रोफेशनल टॅक्स' म्हणून वर्षाला अडीच हजारांच्या आंतली जी कपात पाहून आपण कुरकुरतों, ती हीच. या कामांवर मजुरी मोजमापानें मिळे. खोदलेल्या मातीला ती बाईनें खोदली कीं पुरुषानें हें कळत नाहीं, म्हणून दर एकच. शेतावर नेहमीं कमी मजुरी घेणाऱ्या बायका तेथें मोठ्या संख्येनें गेल्या. आणि मग बागाईतदारांची ओरड सुरू झाली कीं, या योजनेमुळें माणसें मिळत नाहींत!

तें वाक्य पुरें करावयाचें तर, आपण देतों त्या मजुरींत माणसें मिळत नाहींत, असें म्हणावें लागेल. ज्याला दुसरीकडे जातां येतें तोच 'नाहीं' म्हणूं शकतो, आणि जो 'नाहीं' म्हणूं शकतो त्याचीच मजुरी वाढते. खानापूर-आटपाडीचे लोक भारतभर गलाईचीं दुकानें थाटून बसले तेव्हां मागें राहिलेल्यांनाहि थोडा भाव आला. उलट १८ जानेवारी १९८२ रोजीं मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला, तो फसला, आणि माणसें गांवीं परतलीं, तेव्हां घासाघीस करण्याची सोयच उरली नाहीं. पण त्या परतलेल्यांपैकीं खानापूर तालुक्यांतल्या कांहींनीं जें केलें तें सांगण्याजोगें आहे. मुक्ति संघर्ष चळवळींत शिरून त्यांनीं दुष्काळ कां पडतो याचाच विचार मांडला, आणि येरळेवर गांवकऱ्यांनीं बळीराजा धरण बांधलें. पैसा उभा केला तो नदींतली थोडी वाळू विकून. पाण्याचा वांटा जमिनीप्रमाणें नव्हे तर कुटुंबाप्रमाणें, भूमिहीनालासुद्धां, असें त्यांनीं ठरविलें. आमच्या मामांना हें फार विलक्षण वाटलें. मलाहि वाटलें.

मग मामांनीं ऊसतोडीचा विषय काढला. बीड आणि जतकडून टोळ्या येतात त्या कां येतात, त्यांना बरें मिळतें म्हणून ना? तसें नाहीं. मुकादम हंगामापूर्वीं उचल देतो. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरला जातो, आणि ती उचल फिटेपर्यंत पहाटेपासून राबणें. स्थानिक मजूर हें काम टाळतो, कारण त्याला टाळणें परवडतें. जतचा माणूस येतो, कारण त्याला परवडत नाहीं. मामांना आयता मिळतो तो तोडकरी हाच. अलीकडे म्हैसाळ, टेंभू आणि ताकारीच्या योजनांनीं कृष्णेचें पाणी पूर्वेकडे चढविलें आहे. जेथें तें पोहोंचलें तेथें द्राक्षें आणि डाळिंबें आलीं आहेत, आणि तेथील बागाईतदारहि आतां हेंच म्हणूं लागले आहेत कीं माणसें मिळत नाहींत.

निघण्याच्या दिवशीं मामींनीं मावशीला विचारलें, "पुढच्या वर्षीं राहशील ना ग?" मावशीनें पदराला हात पुशीत सांगितलें, "ऱ्हाईन. पर आठवड्याला एक सुट्टी पायजे, आन सणाच्या दिसाचं येगळं."

"आणि नाहीं म्हटलें तर?"

"तर लेकीकडं पुण्याला. तिनं चार घरं बघून ठिवल्यात माझ्यासाठी."

मामी कांहीं वेळ गप्प होत्या. मग त्यांनीं खुंटीला अडकवलेली पेन्सिल काढली आणि दिनदर्शिकेवरच्या एकेका बुधवाराभोंवतीं गोल करण्यास सुरुवात केली. रविवारीं घरीं पाहुणे असतात, असें त्यांचें म्हणणें होतें. मावशीनें तेवढें मान्य केलें.