गिअरबॉक्स गेला, हे ठरवलं कोणी?

तर झालं असं. मे महिन्याचा शेवटचा आठवडा, मृग तोंडावर आलेला, आणि नशिराबादहून आप्पांचा फोन. आप्पा म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ. "ट्रॅक्टर बसला रे. मेकॅनिक म्हणतो गिअरबॉक्स गेला. साठ हजार सांगतो. नाहीतर विकून टाका म्हणतो."

मी हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेलो. एकही प्रश्न न विचारता म्हणालो, "आप्पा, टेन्शन घेऊ नका, निम्मे मी पाठवतो."

मंडळी, या एका वाक्याची मला अजून लाज वाटते. ऑफिसात कोणी "डेटाबेस गेला, नवीन घ्या" म्हणालं तर आपण त्याला सोडतो का? लॉग दाखव, कधीपासून होतंय, काय बदललं, दुसऱ्या मशीनवर होतं का... जीव नकोसा करतो त्याचा. आणि इथे साठ हजारांची गोष्ट, तर आपण थेट यूपीआय उघडतो. डोकं वापरायचं नसलं की माणूस पाकीट काढतो, आणि आपली पिढी त्यात एक्स्पर्ट झाली आहे.

बरं, मी बीई मेकॅनिकल. (आता जावा. हसू नका, तुमच्यातले निम्मे तसेच आहात.) सिंगल प्लेट क्लचची गणितं मी पाठ करून गेलो होतो. नव्या क्लचला युनिफॉर्म प्रेशर, जुन्याला युनिफॉर्म वेअर, पूर्ण मार्क. पण प्लेट झिजली की ट्रॅक्टरवर बसलेल्या माणसाच्या पायाला काय जाणवतं, हे चार वर्षांत ना कोणी सांगितलं, ना मी विचारलं.

शुक्रवारी रात्रीची बस पकडली. शनिवारी सकाळी शेतावर पोचलो आणि आधी फक्त प्रश्न विचारले. रिकामा चालतो का? चालतो. शेणखताची ट्रॉली लावली की? रस्त्यावर चढताना इंजिन नुसतं ओरडतं, ट्रॉली जागची हलत नाही, जळका वास येतो. कुठल्या गिअरमध्ये? सगळ्याच. आणि रोटाव्हेटर? तोही जमिनीत टेकला की मंदावतो, इंजिनचा आवाज मात्र तसाच.

इथेच केस जवळपास संपली होती. लोडखाली इंजिन दबत असेल, धूर सोडत असेल, बंद पडत असेल, तर डिझेल फिल्टर बघा, ब्रेक चिकटलाय का बघा. पण इंजिन मोकळं पळतंय आणि चाक मागे राहतंय, म्हणजे ताकद वाटेत सांडते आहे. कुठे? आप्पांच्या ट्रॅक्टरला एकच क्लच आहे, चाकांना आणि रोटाव्हेटरच्या शाफ्टला मिळून. दोन्ही मंदावतात, म्हणजे दोष दोघांच्या सामाईक वाटेवर. गिअरबॉक्स असता तर खडखडाट झाला असता, एखादाच गिअर सुटला असता. सगळे गिअर एकाच वेळी एकसारखे कसे बिघडतील? आपण याला बायनरी सर्च म्हणतो आणि इंटरव्ह्यूत विचारतो.

मग एक चाचणी. सपाट जागा, पुढेमागे कोणी नाही, पार्किंग ब्रेक घट्ट, वरचा गिअर, क्लच हळूहळू सोडायचा. क्लच धड असेल तर इंजिन गुदमरून बंद पडलं पाहिजे. आमचं मजेत चालू राहिलं. (ही चाचणी एकदाच करा. मजा म्हणून पुन्हापुन्हा केलीत तर उरलेली प्लेटही जाळाल.)

मग बेल हाउसिंगच्या खालच्या भोकाकडे बघितलं. तिथून तेल ठिबकत असेल तर सील गेलं, प्लेट तेलकट झाली, आणि ट्रॅक्टर मधून खोलण्याला पर्याय नाही. आमचं कोरडं होतं. शेवटी क्लचचं पेडल हाताने दाबलं. सुरुवातीला थोडं मोकळं जायला हवं. मॅन्युअलमध्ये साधारण वीस ते तीस मिलिमीटर असतं, मॉडेलप्रमाणे कमीजास्त. आमचं शून्य! प्लेट झिजत जाते तशी ही मोकळीक कमी होते. ती संपली की रिलीज बेअरिंग फिंगर्सवर कायम टेकलेलं राहतं, म्हणजे पाय काढला तरी क्लच अर्धवट दाबलेलाच. दोन पाने, रॉडचा चेक नट ढिला करून मोकळीक पुन्हा आणली. वेळ वीस मिनिटं, खर्च शून्य. संध्याकाळी ट्रॉली चढावर गेली.

आता मेकॅनिकला शिव्या घालणं सोपं आहे. मी घालणार नाही. त्याला माझ्यापेक्षा शंभरपट कळतं, नुसत्या आवाजावरून कळतं. पण वीस मिनिटं तपासून नट फिरवला तर आपण त्याला देणार किती? "एवढ्याचे दोनशे?" म्हणून हुज्जत घालणारे आपणच. पार्टचं बिल मात्र गुमान भरतो, कारण हातात काहीतरी जड वस्तू मिळते. निदानाला दाम नाही, मग निदान करेल कोण?

हे फक्त खानदेशातलं समजू नका. न्यू जर्सीतल्या माझ्या कॉलेजमित्राचं गवत कापायचं, वर बसून चालवायचं जुनं यंत्र असंच "बसलं" होतं. ट्रान्समिशन बदला म्हणे. बघतो तर हाताने ढकलण्यासाठी ड्राइव्ह सोडवायचा बायपासचा दांडा कोणीतरी ओढून ठेवलेला! दांडा आत ढकलला, यंत्र चालू. आणि तो दांडा नसता तर आधी बघायचा तो पट्टा, मग ताण देणारी पुली, मग तिची स्प्रिंग. क्रम तोच: बाहेरून आत, स्वस्ताकडून महागाकडे.

आणि पुढे हे अवघडच होणार आहे. पन्नास एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरांना २०२३ पासून ट्रेम-४ प्रदूषण नियम लागू झाले आणि इंजिनावर इलेक्ट्रॉनिक्स आलं. धूर कमी झाला, चांगलंच आहे. पण दोष वाचायला कंपनीचा लॅपटॉप लागला तर आप्पांनी काय करायचं? आपल्या ग्राहक व्यवहार खात्याने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्यात शेतीची अवजारं होती. अमेरिकेत तर जानेवारी २०२५ मध्ये सरकारी आयोगानेच दुरुस्तीवरच्या बंधनांवरून जॉन डिअरवर खटला भरला. त्या लॅपटॉपमधलं सॉफ्टवेअर लिहिणारे कोण? आपणच की!

असो. मूळ कारण राहिलंच. रविवारी आप्पांना ट्रॅक्टर चालवताना नीट बघितलं. डावा पाय पूर्ण वेळ क्लचच्या पेडलवर! वीस वर्षं. सांगितल्यावर भडकले, दुपारपर्यंत बोलले नाहीत.

प्लेट झिजली आहेच, ती दिवाळीनंतर बदलायची. त्याच मेकॅनिककडून. तपासणीची मजुरी वेगळी द्यायची ठरवली आहे. ऐकून तो आधी बराच वेळ माझ्याकडे संशयाने बघत होता. परवा आप्पांचा फोन होता. म्हणाले, "पाय खाली ठेवतो रे आता. पण गुडघा दुखतो."