कॉपीचा भुर्दंड कोणावर?

फेब्रुवारी उजाडला की दहावी-बारावीच्या परीक्षांबरोबर कॉपीची चर्चाही आपल्याकडे ठरल्याप्रमाणे सुरू होते. भिंतीवर चढलेल्या तरुणांची छायाचित्रे छापून येतात, भरारी पथकाने किती जणांना पकडले याचे आकडे येतात, नीतिमत्तेच्या ऱ्हासाविषयी चार उद्गार निघतात आणि निकाल लागला की सारे शांत होते. या चर्चेत कॉपी हा केवळ विद्यार्थ्याच्या चारित्र्याचा प्रश्न मानला जातो. तो तसा आहेच. परंतु कॉपीची किंमतही कोणाला तरी मोजावी लागते, आणि ती मोजणारा बहुधा कॉपी करणारा नसतो.

हिंगोली वा वसमतच्या बाजारात हळद आणणाऱ्या शेतकऱ्याला हे समजावून सांगण्याची गरज नाही. अमुक बाजारातला माल ओला निघतो, असा बोलबाला एकदा झाला की बाहेरचा खरेदीदार पोते न् पोते फोडून पाहत बसत नाही. तो साऱ्या बाजाराचाच भाव पाडून मागतो. नीट वाळवलेली हळद आणणाराही मग त्याच भावात सापडतो. जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन नेमके हेच १९७० साली मांडले. २००१ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले, त्यात या विवेचनाचा वाटा मोठा होता.

गुणपत्रिकेचे याहून निराळे काय होते? नोकरी देणाऱ्याला वा पुढच्या महाविद्यालयाला विद्यार्थ्याच्या डोक्यात डोकावता येत नाही. त्याच्या हाती कागद असतो. त्या कागदावरचा विश्वास उडाला की तो दुसरी चाळणी शोधतो. आज वैद्यकीय प्रवेशासाठी बारावीचे गुण केवळ पात्रतेपुरते उरले आहेत. निर्णय होतो तो ‘नीट’च्या गुणांवर. याला इतरही कारणे आहेत, हे मान्य. (आणि ही चाळणीही निर्मळ राहिलेली नाही; २०२४ साली तिच्याच प्रश्नपत्रिकेचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले.) परंतु परिणाम काय झाला? सेनगाव वा औंढ्याचा ज्याला परवडते तो विद्यार्थी नांदेड-लातूरच्या शिकवणी वर्गांची वाट धरतो. ज्याच्या घरचे ऊसतोडीला जातात, त्याच्यापाशी गावातल्या शाळेची गुणपत्रिका हेच एक भांडवल होते. त्याने रात्री जागून मिळवलेल्या सत्तर टक्क्यांकडेही आज लोक संशयानेच पाहतात. ‘गरिबाच्या पोराला थोडी मदत केली तर बिघडले कोठे?’ असे विचारणाऱ्या सहृदय मंडळींनी या मुलाचा विचार करावा.

कॉपी थांबवता येत नाही, हे म्हणणे मात्र खरे नाही. आपल्या शेजारच्या नांदेड जिल्ह्यात २०१० च्या सुमारास तत्कालीन जिल्हाधिकारी श्रीकर परदेशी यांनी महसूल, पोलीस आणि शिक्षण या खात्यांना एकत्र कामाला लावून कॉपीमुक्तीची मोहीम राबविली. जिल्ह्याचा निकाल घसरला. तो घसरणारच होता, कारण आधीचा निकाल फुगवलेला होता. पुढे राज्यानेही या मोहिमेचे अनुकरण केले. कायदा तर त्याच्याही आधीपासून, १९८२ सालापासून आहे आणि त्यात कारावासाची तरतूदही आहे. असे असूनही दरवर्षी नव्याने मोहीम का काढावी लागते? अधिकारी बदलून जातो; ज्यांचे हितसंबंध निकालात गुंतलेले असतात ते जागच्या जागी राहतात, हे त्याचे उत्तर आहे.

हे हितसंबंध आम्हा शिक्षकांना चांगले ठाऊक आहेत. निकाल उंच लागला की पुढच्या वर्षी पट टिकतो; पट टिकला की संचमान्यतेत पद टिकते; पद गेले की ‘अतिरिक्त’ ठरून कोठे जावे लागेल याचा नेम नसतो. पर्यवेक्षक खिडकीबाहेर पाहू लागतो, त्यामागे पुष्कळदा लोभापेक्षा भीती असते. शाळेच्या हातातले गुणही याच दडपणाखाली पडतात. दहावीचे अंतर्गत वीस गुण काढून टाकले त्या २०१९ साली राज्याचा निकाल ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० वर आला. ते परत दिले आणि २०२० साली तो ९५.३० झाला. २०१९ साली अभ्यासक्रमही नवा होता, ही गोष्ट लक्षात घेतली तरी एवढी उसळी निव्वळ अभ्यासाने येत नाही.

म्हणून केंद्रावरचे पोलीस वाढवण्याआधी शाळेचे मोल एकट्या निकालावर ठरवणे शासनाने सोडावे. पहिल्या प्रामाणिक वर्षी निकाल पडेल. त्या शाळेला कारणे दाखवा नोटीस न पाठवता गणित आणि इंग्रजीचा रिक्त असलेला शिक्षक पाठवावा. पालकसभेत निकालाच्या टक्क्याबरोबर या दोन विषयांचे किती तास प्रत्यक्ष झाले, हेही वाचून दाखवावे. तास झालेच नसतील, तर मार्चमध्ये खिडकीतून चिठ्ठ्या का येतात हे पालकांना वेगळे सांगावे लागणार नाही.