जमिनीखालची भिंत आणि शेजाऱ्याची जोखीम

शहरात जमीन महागली की इमारती जशा वर चढतात, तशा खालीही उतरू लागतात. वाहनतळ, तळघरे, भुयारी स्थानके यांसाठी वीस-तीस मीटर खोल खणती घ्यावी लागते, आणि तीही शेजारच्या घराच्या पायाला लागून. ती ढासळू नये म्हणून जी डायाफ्राम भिंत बांधतात तिचा क्रम मोठा चमत्कारिक आहे: भिंत आधी आणि खड्डा मागाहून! यंत्राच्या पंजाने अरुंद, खोल चर पाडायचा; तो कोसळू नये म्हणून बेंटोनाइट मातीच्या दाट पाण्याने भरलेला ठेवायचा; त्यात सळयांचा पिंजरा सोडायचा आणि नळीने तळापासून काँक्रीट भरत ते गढूळ पाणी वर लोटायचे. न्यूयॉर्कच्या जागतिक व्यापार केंद्राचा पाया अशाच भिंतीने राखला होता. २००१ साली वरचे मनोरे पडले तरी ती बहुतांशी उभी राहिली. तंत्र नामी आहे, याविषयी वाद नाही.

वाद आहे तो अर्थशास्त्राचा. ही भिंत ओतली जाताना कोणालाच दिसत नाही. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराविषयी जे दाखवून दिले, ते येथे अधिकच लागू पडते. कारण खरा दोष विकणाऱ्याला ठाऊक असतो, घेणाऱ्याला नाही. शिवाय दोषाचे फळ भोगणारा शेजारी तर या व्यवहारात पक्षकारही नसतो.

जर्मनीतील कोलोन शहरात ३ मार्च २००९ रोजी हे प्रत्यक्षात घडले. भुयारी रेल्वेच्या खड्ड्यालगतचे नगर-अभिलेखागार काही मिनिटांत जमीनदोस्त झाले. आतली माणसे इशारा मिळताच बाहेर पडली. शेजारच्या घरातील दोन तरुण मात्र प्राणांस मुकले. हजार वर्षांचे दस्तऐवज चिखलात गेले. भिंतीचा एक भाग खणताना खाली दगडाचा अडथळा आला होता. तो नीट न काढल्याने तेथे काँक्रीटऐवजी माती राहिली आणि त्या फटीतून पाणी व वाळू खड्ड्यात घुसली, असा निष्कर्ष तज्ज्ञांनी काढला. कामाच्या नोंदी खोट्या लिहिल्याचे आणि काही लोखंड भंगारात विकल्याचेही तपासात निघाले. (भंगाराने इमारत पडली नाही, पण देखरेख कशी होती ते त्यावरून कळते.) २०२० साली ठेकेदारांनी ६० कोटी युरो देऊन तडजोड केली. नुकसानीचा अंदाज याच्या दुपटीच्या आसपास होता. उरलेला भार अर्थातच करदात्यावर!

विलंबाला दंड आणि दडलेल्या दोषाला अभय, अशी करारांची रचना असेल तर मुकादम दगड काढीत बसेल कशाला? मुंबईत ३३.५ किलोमीटरची भुयारी मेट्रो गिरगाव-काळबादेवीसारख्या जुन्या चाळींच्या वस्तीखालून गेली. तिच्यामागून आता खाजगी मनोऱ्यांची तळघरे अधिकाधिक खोल जाऊ लागली आहेत. अशा खड्ड्याशेजारच्या भाडेकरूला भिंत किती सरकली, भूजल किती उतरले, हे आकडे मागितल्याशिवाय मिळाले पाहिजेत. तपासनिसाचे वेतन ठेकेदाराच्या खिशातून जाता कामा नये; आणि शेजारच्या इमारतींचा विमा विकासकाने खणतीपूर्वीच उतरवावा. विमा कंपनीचा हप्ता आपोआप सांगेल की कोणाची भिंत किती विश्वासाची आहे. खर्च वाढेल, ही ओरड होईलच. तो खर्च आजही होतो. फक्त तो शेजाऱ्याच्या भिंतीवरील तड्यांत जमा होत असल्याने हिशेबाच्या वहीत दिसत नाही.