मध्येच बंद पडणारी गाडी



संत ख्रिस्तोफर हे प्रवाशांचे आश्रयदाते. २५ जुलै हा त्यांचा सण. त्या सुमारास आमच्या सिल्वासात पावसाची झड लागलेली असते. तरीही कित्येक कुटुंबे आपली वाहने आशीर्वादासाठी घेऊन येतात, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु पवित्र पाणी शिंपडून झाले म्हणजे गाडीची निगा राखण्याचे कर्तव्य माफ झाले, असा समज कोणी करून घेऊ नये. संतांचे पदक आरशाला टांगलेले असावे, आणि त्याच वेळी पेट्रोलच्या टाकीच्या झाकणाचे भोकही मोकळे असावे. झाकणाची गोष्ट आम्ही का काढली, ते पुढे कळेलच.

आज ज्या दुखण्याविषयी लिहावयाचे आहे, ते जुन्या गाड्यांचे आहे. गाडी घरून नीट निघते, दहा-बारा किलोमीटर उत्तम धावते आणि रस्त्यात अचानक बंद पडते. अर्ध्या तासाने जणू काही झालेच नाही अशी सुरू होते. मिस्त्रीकडे नेली, तर त्याच्यासमोर शहाण्या मुलासारखी वागते. मिस्त्री म्हणतो, "कचरा आला असेल." मग तो कार्ब्युरेटर साफ करून देतो, पैसे घेतो, आणि आठ दिवसांनी गाडी पुन्हा तेथेच उभी राहते.

शहरातल्या माणसाला ही निव्वळ कटकट वाटेल. आमच्याकडे ती तेवढीच नाही. खानवेलच्या पलीकडे, दुधनीच्या बाजूला, एखाद्या पाड्यात एकच जुनी गाडी असते, आणि ती सर्वांची असते. अडलेली बाळंतीण असो की साप चावलेला मुलगा असो, रात्री तिच्यातूनच सिल्वासाच्या रुग्णालयात आणावा लागतो. अशा वेळी चढावर इंजिन थांबले तर काय होईल, हे ज्याच्या घरी दुखणे झाले आहे त्यास सांगावे लागत नाही. यास्तव या आजाराचे निदान कसे करावे, हे घरातल्या कर्त्या माणसांना ठाऊक असणे आवश्यक आहे, असे आम्हांस वाटते.

प्रथम मूळ गोष्ट ध्यानात घ्यावी. पेट्रोलच्या इंजिनाला तीन गोष्टी लागतात : पेट्रोल, हवा आणि ठिणगी. तिन्ही योग्य प्रमाणात व योग्य क्षणी मिळाल्या की ते चालते. त्यांपैकी एक चुकली की थांबते. म्हणून "काय बदलावे?" हा पहिला प्रश्न नव्हे. "तिघांपैकी कोण गैरहजर होते?" हा पहिला प्रश्न होय.

इंजिन कसे थांबते, याकडे लक्ष दिल्यास निम्मे उत्तर मिळते. किल्ली फिरवून बंद करावे तसे ते एका क्षणात गप्प झाले, तर दोष बहुधा विजेच्या बाजूचा असतो. उलट, गाडी आधी दम टाकू लागली, गचके खाऊ लागली, पाय दाबूनही ओढ घेईना आणि मग थांबली, तर बहुधा पेट्रोल पुरेसे पोहोचत नसते.

त्यानंतर केव्हा, हे पाहावे. पावसात किंवा पाणी साचलेल्या रस्त्यातून गेल्यावरच थांबते काय? मग डिस्ट्रिब्यूटरच्या झाकणात ओल शिरली असेल किंवा झाकणाला बारीक तडा असेल. ते उघडून कोरड्या फडक्याने पुसले की पुष्कळदा गाडी सुरू होते. तडा असेल तर मात्र झाकण बदललेच पाहिजे. खड्ड्यात आदळल्यावरच थांबते काय? मग बॅटरीची टोके, इंजिनाची अर्थिंगची तार आणि किल्लीचा स्विच तपासावा. पुष्कळ जण गाडीच्या किल्लीबरोबर कपाटाच्या, कोठाराच्या आणि सायकलीच्या किल्ल्यांचा घोस लटकवतात. त्या वजनाने स्विच आतून झिजतो आणि हादऱ्यासरशी प्रवाह तुटतो. गाडीची किल्ली एकटीच असावी, हा फुकटचा उपाय आहे.

उभी असतानाच, सिग्नलला किंवा फाटकाशी, बंद पडते आणि वेगात चांगली चालते काय? मग कार्ब्युरेटरमधील मंद गतीचा बारीक जेट तुंबला असेल, किंवा एखाद्या फाटक्या नळीतून जादा हवा आत शिरत असेल.

इंजिन खूप तापल्यावरच थांबते आणि गार झाल्यावर सुरू होते, हा प्रकार सर्वांत फसवा. कारण येथे लक्षण एक व रोग दोन असतात. पहिला रोग पेट्रोलची वाफ होण्याचा. पेट्रोलातले हलके घटक थोड्याच उष्णतेने उकळू लागतात. नळीत किंवा पंपात वाफ भरली की पंप नुसता हलत राहतो, पेट्रोल पुढे जात नाही. मुंबईच्या पद्मिनी टॅक्सींचे हे जुने दुखणे होते. कुर्ल्याच्या प्रीमियर कंपनीची ही १०८९ सीसी इंजिनाची गाडी. तिचा पंप इंजिनालाच जोडलेला असे. म्हणून उन्हाळ्यात टॅक्सीवाले पंपावर ओले फडके गुंडाळीत. सन २०२३ च्या ऑक्टोबर महिन्याच्या अखेरीस मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी कायमची गेली. परंतु त्या ओल्या फडक्यातले शहाणपण अजूनही उपयोगी आहे.

दुसरा रोग इग्निशन कॉइलचा. कॉइलच्या आतील बारीक तार कोठे तरी दुबळी झालेली असते. तापली की जोड सुटतो आणि ठिणगी नाहीशी होते. गार झाली की जोड पुन्हा बसतो. कंडेन्सरही असाच दगा देतो. थोड्या नव्या, इंजेक्शनच्या गाड्यांत क्रँकजवळचा सेन्सर हेच करतो. तेव्हा गार झाल्यावर तपासणी करणे व्यर्थ होय. ताप उतरल्यावर थर्मामीटर लावण्यासारखेच ते आहे.

तपासणी बंद पडल्याच्या क्षणीच झाली पाहिजे. एअर फिल्टरचे झाकण काढावे, कार्ब्युरेटरच्या तोंडाशी पाहावे आणि ॲक्सिलरेटरचा दांडा हाताने ओढावा. पेट्रोलची बारीक चिळकांडी उडाली, तर पेट्रोल येत आहे. न उडाल्यास दोष पेट्रोलच्या मार्गात आहे. ते पाहून झाल्यावर एअर फिल्टरचे झाकण परत बसवावे आणि मग ठिणगी पाहावी. एका स्पार्क प्लगची टोपी काढून तीत दुसरा चांगला प्लग बसवावा, त्याचे धातूचे अंग इंजिनाला टेकवावे आणि दुसऱ्याने स्टार्टर फिरवावा. प्लग उघड्या हाताने धरू नये, आणि आसपास पेट्रोल सांडलेले असता ही परीक्षा मुळीच करू नये. ठिणगी निळी व जोमदार असेल तर वीज निर्दोष समजावी.

येथे सावधगिरीचे चार शब्द. इंजिन थांबले की ब्रेक जड लागतो आणि पॉवर स्टिअरिंग असल्यास चाकही जड होते. म्हणून घाबरून न जाता दोन्ही जोराने वापरावीत, आणि गाडी चालत असताना किल्ली काढू नये, कारण चाक अडकते. गाडी डाव्या कडेला घ्यावी. चढावर चाकाखाली दगड लावावा. बायकामुलांना गाडीमागे उभे करू नये. तापलेल्या इंजिनावर पेट्रोल ओतण्याचा खेळ तर कोणीच करू नये.

पेट्रोलसंबंधी आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. सन २०२५ पासून आपल्या देशात पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलात सुमारे २० टक्के इथेनॉल मिसळलेले असते. इथेनॉल पाणी शोषून घेते. गाडी अर्ध्या टाकीवर पावसाळाभर उभी राहिली, तर पाणी तळाशी बसते, आणि इंजिनाकडे जाणारी नळी तळातूनच ओढीत असते. जुन्या रबरी नळ्याही त्याने लवकर खराब होतात आणि टाकीतला जुना गाळ सुटून फिल्टरमध्ये येतो. जुनी गाडी असणाऱ्यांनी रबरी नळ्या व फिल्टर पाहून घ्यावेत, आणि गाडी फार दिवस उभी ठेवू नये.

आता झाकणाची गोष्ट. आमच्या परिचयाच्या दोन भावांनी धाकट्या बहिणीच्या यजमानांकडून एक जुनी मोटार विकत घेतली. तीन महिन्यांतच ती रस्त्यात थांबू लागली. मिस्त्रीने कॉइल बदलली, प्लग बदलले, पंप बदलला. पैसा गेला, रोग राहिला. थोरला म्हणे, धाकट्यास चालवता येत नाही. धाकटा म्हणे, थोरल्याने स्वस्तातला मिस्त्री गाठला. अखेर दोघांचे एकमत झाले ते एकाच मुद्द्यावर : मेहुण्याने जाणूनबुजून रोगी गाडी आपल्या गळ्यात मारली. शब्दाने शब्द वाढला. त्या वर्षी नाताळला बहीण माहेरी आली नाही, आणि म्हातारी आई ताट वाढून दाराकडे पाहत बसली.

थोरल्याची मुलगी अकरावीत शिकते. तिने एक वही केली आणि गाडीत ठेवली. गाडी थांबली की तारीख, वेळ, ऊन-पाऊस, किती अंतर गेल्यावर, टाकीत पेट्रोल किती, आणि किती वेळाने सुरू झाली, एवढे लिहावयाचे. सहा आठवड्यांनी वहीने तोंड उघडले. टाकी भरल्यावरच्या पहिल्या लांब फेरीत गाडी हमखास थांबे. टाकी निम्म्याखाली गेली की मुळीच थांबत नसे. पंपावरच्या भेसळीचा संशय येणे साहजिक होते. पण वही सांगत होती की पेट्रोल कधी सिल्वासाचे, तर कधी वापीचे होते. उन्हाचा संबंध दिसेना, पावसाचाही दिसेना.

पुढच्या वेळी गाडी थांबली, तेव्हा कोणीतरी टाकीचे झाकण उघडले. 'फुस्स' करून हवा आत शिरली, आणि इंजिन ताबडतोब सुरू झाले. उलगडा सोपा होता. टाकीतले पेट्रोल जसे कमी होते, तशी त्या जागी हवा आत यावी लागते. त्यासाठी अशा गाड्यांच्या झाकणाला बारीक भोक असते. ते नसेल तर टाकीत निर्वात होतो आणि पंपाला पेट्रोल ओढवत नाही. टाकी भरलेली असता वर मोकळी जागा थोडी, म्हणून निर्वात लवकर होतो. गाडी घेतल्यानंतर महिन्याभरात या भावांकडूनच मूळचे झाकण एका पंपावर हरवले होते, आणि बाजारातून आणलेल्या नव्या झाकणाला भोक नव्हते. दोष विकणाऱ्याच्या घरचा नव्हता. तो आपल्याच घरात, आपल्याच हाताने आला होता. बरोबर जातीच्या झाकणाने गाडी बरी झाली. दोघे भाऊ मेहुण्याच्या दारी गेले आणि त्यांनी क्षमा मागितली. ते काम झाकण बदलण्याइतके सोपे नव्हते.

वाचकहो, योहानकृत शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी प्रभूला विचारले की पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? प्रभूने ती दोन्ही उत्तरे नाकारली आणि त्या माणसाला दृष्टी दिली. काही बिघडले की आपलाही पहिला प्रश्न "कोणी केले?" असाच असतो. "काय झाले?" हा प्रश्न आपण विचारीतच नाही. आणि एकदा अपराधी ठरवून टाकला, की पुढची सारी चौकशी त्यालाच दोषी ठरविण्यासाठी होते.

त्या मुलीच्या वहीने आम्हांस संत इग्नाशियस लोयोला यांची आठवण झाली. आपल्या आध्यात्मिक साधनेच्या पुस्तकात त्यांनी एक व्यवहारी रीत सांगितली आहे. एक विशिष्ट दोष निवडावा. तो जितक्या वेळा घडेल तितके ठिपके त्या दिवसाच्या रेघेवर मांडावेत. आणि मग दिवसाशी दिवस, आठवड्याशी आठवडा ताडून पाहावा. त्या पुस्तकाला पोपमहाशयांची मान्यता १५४८ साली मिळाली. मोटारी तेव्हा नव्हत्या, पण मनुष्याचे मन असेच मध्ये मध्ये बंद पडत असे. राग आपल्याला रोज येत नाही. तो ठराविक वेळी, ठराविक माणसासमोर, बहुधा ठराविक थकव्यानंतर येतो. दारूचा मोह ठराविक वाटेवर, ठराविक सोबतीत होतो. "फादर, मी रागावलो," एवढेच सांगून सुटणारा माणूस "कचरा आला असेल" म्हणणाऱ्या मिस्त्रीसारखा होय. केव्हा, कशानंतर, कोणावर, हे ज्याने पाहिले, त्यालाच उपाय सापडतो.

तेव्हा या आठवड्यात एक लहानसे काम करावे. ज्यांच्या घरी जुनी गाडी आहे त्यांनी तिच्यात एक वही व पेन्सिल ठेवावी, आणि एका वेळी एकच वस्तू बदलून परिणाम पाहावा. ज्यांच्या घरी गाडी नाही, त्यांच्याही घरी एखादा अबोला असेल. तो केव्हापासून धरला आणि त्याच्या आधी नेमके काय घडले होते, हे त्यांनी रात्रीच्या रोझरीनंतर स्वतःशी शांतपणे लिहून पाहावे. कदाचित एखादे झाकण आपल्याच हाताने घट्ट बसविलेले आढळेल. ते उघडण्यास नाताळची वाट पाहू नये.