लंगोटांचा हिशेब

आईचं चित्र म्हटलं की डोळ्यांपुढे येते मांडीवर बाळ घेतलेली, प्रसन्न, कधीच न थकणारी बाई. १९७६ साली लंडनमधल्या प्रदर्शनात मेरी केली या कलावतीने आई दाखवलीच नाही. मांडली ती आपल्या बाळाच्या लंगोटांतली डागाळलेली अस्तरं आणि सोबत त्याने त्या दिवशी काय, किती खाल्लं याची नोंद. वृत्तपत्रांनी गहजब केला. देव्हाऱ्यातली आई चालते. तिचं काम दिसलं की किळस येते!

मला वाटतं, मातृत्वाचे गोडवे पुष्कळ झाले. पुढच्या बैठकीला प्रत्येकीने एका दिवसाची नोंद आणावी: रात्री कितीदा उठलो, काय धुतलं, कुणाला भरवलं. न मोजलेल्या कामाला कुणी काम म्हणत नाही.