चोरटा आनंद आणि खरा अपराध

सुटी संपून महाविद्यालय उघडले, त्या आठवड्यातली गोष्ट. प्राध्यापक-कक्षात चहा चालू होता आणि सुटीत कोणी काय वाचले, काय पाहिले याची उजळणी होत होती. एकाने तार्कोव्हस्कीचे नाव घेतले, दुसऱ्याने एका भाषांतरित कादंबरीचे. आमचे एक ज्येष्ठ सहकारी, आधुनिक कविता आयुष्यभर मन लावून शिकवलेले, जरा घुटमळले आणि म्हणाले, "अहो, मी ते गाड्यांचे सिनेमे पाहिले. फास्ट अँड फ्युरिअस. ओळीने, दहाच्या दहा. नातवाबरोबर बसलो आणि मग उठवेचना." सगळे हसले. सरही हसले आणि लगेच म्हणाले, "गिल्टी प्लेजर हो, दुसरे काय!" विषय तिथे संपला.

तो तिथे संपला, हीच माझी तक्रार आहे. कवितेतल्या एका स्वल्पविरामावर तासभर बोलू शकणारा माणूस दहा चित्रपट उठवत नाही म्हणून पाहतो, आणि त्यावर त्याला बोलायला दोनच शब्द सापडतात, तेही उसने. या दोन शब्दांनी आपल्या रसिकतेचे आणि समीक्षेचे बरेच नुकसान केले आहे असे माझे म्हणणे आहे.

'गिल्टी प्लेजर'ला मराठीत जवळचा शब्द 'चोरटा आनंद' असा होईल. पण चोरट्या आनंदात निदान चोरी असते. पाठ्यपुस्तकाच्या आड बाबूराव अर्नाळकरांचा 'झुंजार' वाचणाऱ्या मुलाला पकडले जाण्याचे भय होते. पकडला गेला तर छडी खरी होती. गिल्टी प्लेजरची कबुली देणाऱ्याला कसलेच भय नसते. तो चारचौघांत, हसत, आपण होऊन कबुली देतो, आणि त्यात त्याचे काहीच जात नाही. आनंद पदरात पडतो, रसिक म्हणून असलेला दर्जा शाबूत राहतो, आणि 'तुम्हाला यात नेमके काय आवडले?' हा एकमेव महत्त्वाचा प्रश्न कोणी विचारतच नाही. प्रायश्चित्ताशिवायचा हा अपराध आहे. म्हणजेच तो अपराध नाही, शिष्टाचार आहे.

हा शिष्टाचार कोण पाळतो तेही पाहावे. 'फ्युरिअस ७' (२०१५) हिंदी, तमिळ, तेलुगूतही प्रदर्शित झाला आणि भारतात त्याने शंभर कोटींच्या पुढे कमाई केली. तो पाहून शिट्ट्या वाजवणाऱ्या गॅरेजमधल्या पोराला कसलाही अपराध वाटला नाही. त्याला आवडले तेव्हा तो आवडले म्हणाला, कंटाळा आला तेव्हा बाहेर जाऊन चहा पिऊन आला. अपराध वाटतो तो आपल्याला. आणि तो चित्रपटासमोर वाटत नाही, एकमेकांसमोर वाटतो. 'मी त्यांच्यातला नाही' हे सांगण्याची ती सभ्य रीत आहे.

आता या मालिकेकडेच वळू. 'द फास्ट अँड द फ्युरिअस' हा रॉब कोहेन यांचा पहिला चित्रपट २००१ सालचा. न्यूयॉर्कमधल्या रस्त्यांवरच्या बेकायदा शर्यतींवर १९९८ साली आलेला एका मासिकातला लेख हे त्याचे निमित्त, आणि कथानकाचा सांगाडा कॅथरिन बिगेलो यांच्या 'पॉइंट ब्रेक'शी (१९९१) इतका जुळणारा की चोरीच म्हणावी: टोळीत शिरलेला पोलीस, टोळीप्रमुखाशी जडलेले मैत्र, कर्तव्य की दोस्ती हा पेच. त्या चित्रपटातली टोळी ट्रक अडवून डीव्हीडी प्लेअर पळवत होती. २०२१ सालच्या नवव्या भागात मालिकेच्या टोळीतले दोघे रॉकेट जोडलेल्या मोटारीत बसून अंतराळात जातात. मधल्या वीस वर्षांत मोटारी विमानातून खाली सोडल्या गेल्या, अबू धाबीत एका मनोऱ्यातून दुसऱ्यात आणि तिथून तिसऱ्यात उडाल्या, बर्फावर पाणबुडीपुढे पळाल्या. २०१३ सालच्या भागातली धावपट्टी तर संपतच नाही. विमान धावते आहे, गाड्या धावताहेत, मारामाऱ्या आटोपताहेत, आणि धावपट्टी आपली पुढे आहेच.

हे हास्यास्पद आहे का? आहेच. पण हसणारे आपण एकटे आहोत असे मानणे ही आपली गैरसमजूत आहे. नवव्या भागात रोमन हे पात्र स्वतःच विचारते की इतक्या संकटांतून आपल्याला ओरखडाही कसा उठत नाही, आपण अमर तर नाही? चित्रपटाला स्वतःची अतिशयोक्ती ठाऊक आहे. अतिशयोक्ती हा अलंकार आहे असे आपणच वर्गात शिकवतो. अद्भुत रसाचा स्थायी भाव विस्मय, हेही आपणच शिकवतो. मग पडद्यावर अद्भुत दिसताच आपण भौतिकशास्त्राची वही का उघडतो?

'पुन्हा पुन्हा तेच' हा दुसरा नेहमीचा आक्षेप. हा आक्षेप कीर्तनाच्या परंपरेत वाढलेल्या समाजाने घ्यावा याची मला मौज वाटते. उत्तररंगातले आख्यान श्रोत्यांना पाठ असते. द्रौपदीची लाज राखली जाणार की नाही, या उत्कंठेने कोणी बसलेले नसते. बुवा या वेळी ते कसे रंगवतात याकडे कान लागलेले असतात. एका कथेच्या पुढच्या भागाचा, सीक्वेलचा, आनंद याच जातीचा आहे. काय घडणार हे ठरलेले, कसे घडणार हे खुले. चित्रपट वाईट ठरतो तो 'कसे' हलक्या हाताने उरकल्यामुळे, पुनरावृत्तीमुळे नव्हे. या मालिकेतही असे उरकलेले भाग आहेत. जॉन सिंगल्टन यांच्यासारख्या दिग्दर्शकाच्या हातचा २००३ सालचा दुसरा भाग मला विसविशीत वाटतो. पण हे म्हणता येण्यासाठी आधी या चित्रपटांत बरे-वाईट असते हे मान्य करावे लागते. 'गिल्टी' म्हटले की सगळेच एका पोत्यात जातात.

एक उदाहरण जरा थांबून पाहू. जस्टिन लिन यांचा 'फास्ट फाइव्ह' (२०११). शर्यतींच्या मालिकेतला हा चित्रपट चक्क शर्यत गाळतो. पैजेवर गाडी जिंकायला नायक जातो, आणि पुढच्याच दृश्यात जिंकलेली गाडी घेऊन परततो. मधली शर्यत आपल्याला दिसतच नाही. आधीच्या चार भागांत जे पोटभर दाखवून झाले ते इथे नुसते सुचवले आहे. वाचकाच्या स्मरणावर विसंबून कवीने एक चरण मोकळा सोडावा, तसा हा प्रकार आहे.

शेवटाचा पाठलाग त्याहून मोलाचा. रिओमधल्या पोलीस ठाण्यातली अवाढव्य तिजोरी दोन मोटारींना पोलादी दोरांनी बांधून, भिंत फोडून बाहेर ओढली जाते. मर्ढेकरांनी 'सौंदर्य आणि साहित्य'मध्ये लयीची तीन तत्त्वे सांगितली: संवाद, विरोध, समतोल. ती मनात ठेवून हा पाठलाग पाहावा. दोन चालकांना एकाच क्षणी वळावे लागते, एकाच वेगाने धावावे लागते, हा संवाद. गाड्यांचा वेग आणि तिजोरीचे वजन एकमेकांच्या विरुद्ध ओढतात, हा विरोध. आणि जे वजन आतापर्यंत अडचण होते त्याचेच पुलावर हत्यार होते, नायक ती तिजोरी गोफणीसारखी फिरवून पाठलाग करणाऱ्यांवर घालतो. इथे समतोल साधला जातो. वर कळते की पुलावरची तिजोरी रिकामीच होती. खरी तिजोरी मघाशीच एका कचऱ्याच्या गाडीतून निमूट निघून गेली आहे. आपण वजनाकडे पाहत राहिलो आणि ऐवज दुसरीकडून गेला. प्रेक्षकाला फसवून खूश करणारी ही रचना आहे आणि ती नीट विचार करून केलेली आहे. मर्ढेकरांना हे उदाहरण रुचले असते असा दावा मी करत नाही. त्यांची परिभाषा इथे काम करते, एवढेच म्हणतो.

इथे एका दुसऱ्या पंथाशीही भांडण उकरून काढले पाहिजे. हा पंथ तरुण अभ्यासकांचा. त्यांना अपराध वाटत नाही, कारण त्यांनी तो आधीच धुऊन घेतलेला असतो. मोटारींचा चित्रपट आवडला की ते चर्चासत्रात निबंध वाचतात: त्यात सत्तेचे विखंडन आहे, परिघावरच्यांचा प्रतिरोध आहे, पर्यायी कुटुंबसंस्थेची मांडणी आहे. यातले थोडे खरेही असेल. नाना वर्णांच्या माणसांना एका टेबलाशी जेवायला बसवणारी हॉलिवूडची दुसरी इतकी लोकप्रिय मालिका मला चटकन आठवत नाही. पण निबंध वाचून संपतो तरी तिजोरी ओढताना आपण खुर्चीच्या कडेला का सरकलो, हे त्यात येत नाही. आवडीला सिद्धान्ताचे सोवळे नेसवल्याशिवाय ती पंक्तीत बसवायची नाही, हाही लाजेचाच प्रकार. सर दोन शब्दांत निसटले, हे वीस पानांत निसटतात.

मग या चित्रपटांत काहीच अपराध नाही का? आहे. आणि माझा खरा राग असा की खोट्या अपराधाच्या गोंगाटात तो कोणाला दिसत नाही.

३० नोव्हेंबर २०१३ रोजी पॉल वॉकर अपघातात गेला. सातव्या भागाचे चित्रीकरण अर्धवट होते आणि ते काही दिवस थांबलेले होते. तो प्रवासी म्हणून बसलेली मोटार त्या रस्त्यावरच्या वेगमर्यादेच्या दुपटीच्या आसपास वेगाने जात होती. चालकही गेला. उरलेला चित्रपट वॉकरच्या भावांना उभे करून आणि संगणकाने त्याचा चेहरा बसवून पुरा झाला. शेवटी दोन मोटारी थोडा वेळ बरोबरीने धावतात, रस्त्याला फाटा फुटतो, पांढरी मोटार एकीकडे वळते. जगभर लोक रडले. मीही रडलो, आणि त्याची मला लाज वाटत नाही. लाजेने ज्यांनी आधीच तोंड बंद केले आहे, त्यांना त्या रडण्याबद्दलही काही बोलता येत नाही.

पण रडून झाल्यावर एक प्रश्न उरतो. या मालिकेत मेलेली पात्रेही परत येतात. मेलेली लेटी २०१३ साली परत येते, मेलेला हान २०२१ साली परत येतो. वॉकरचे पात्रही मरत नाही. ते संसारात रमते आणि निरोप घेते. ज्या वेगाने माणूस गेला, त्या वेगाबद्दल चित्रपट एक अक्षर बोलत नाही. बोलला तर मालिकाच थांबेल. अमरत्व हा इथे अलंकार आहे असे मी वर म्हटले. त्या अलंकाराची किंमत इथे कळते.

ती किंमत अधिक उघडपणे आणखी एका ठिकाणी मोजली गेली. नवव्या भागाचे चित्रीकरण २०१९ साली इंग्लंडमध्ये चालू असताना एक स्टंटमन सुमारे पंचवीस फुटांवरून कोसळला. त्याची दोरी निसटली होती आणि तो पडला तिथे गादी नव्हती. डोक्याला झालेल्या दुखापतीने त्याला कायमचे अपंगत्व आले. २०२३ साली ब्रिटिश न्यायालयाने निर्मिती करणाऱ्या कंपनीला ८ लाख पौंडांचा दंड केला. कंपनीने गुन्हा कबूल केला. 'गिल्टी' हा शब्द तिथे त्याच्या पूर्ण अर्थाने उच्चारला गेला. पडद्यावर ज्याला ओरखडा उठत नाही, त्याच्या जागी पडणारे शरीर कोणाचे तरी असते. या आनंदात अपराध शोधायचाच असेल तर तो इथे आहे.

आणि शर्यतीच्या जत्रेत कॅमेरा बायकांकडे कसा पाहतो? गाडीच्या बॉनेटकडे पाहावे तसा. यावर सडेतोड बोलले कोण? २०१७ साली मिशेल रॉड्रिगेझने, लेटीची भूमिका करणाऱ्या नटीने, जाहीरपणे लिहिले की पुढच्या भागात स्त्रियांना नीट स्थान दिले नाही तर तिला मालिकेचा निरोप घ्यावा लागेल. हे तिला बोलता आले, कारण तिने ते काम गंभीरपणे घेतले होते. ज्याने एखादी गोष्ट आपली मानली आहे त्यालाच तिच्याकडून काही मागता येते. 'असले चित्रपट असेच असायचे' म्हणून हसणारा प्रेक्षक तिच्याकडून काहीच मागत नाही. निर्मात्यांना याहून सोयीचा प्रेक्षक कुठे मिळेल?

साहित्य शिकवणाऱ्यांनी हे मनावर घ्यावे, कारण आपल्या वर्गातला विद्यार्थी आपल्याकडून पुस्तकांइतकीच आवड सांगण्याची रीतही शिकतो. 'आवडते पुस्तक' विचारले की तो यादीतले नाव सांगतो आणि रात्री जागून वाचलेले लपवतो. मग जे नाव तो सांगतो त्याबद्दलही त्याच्याकडे स्वतःचे वाक्य नसते. आनंदाशी खोटे बोलायची सवय लागलेल्याकडून तुकारामाबद्दल खरे ऐकायला मिळेल, ही आशा मला तरी नाही.

त्या दिवशी प्राध्यापक-कक्षात मीही इतरांबरोबर हसलो होतो. आता सर पुन्हा भेटले की त्यांना दोन प्रश्न विचारणार आहे. सर, दहातला कोणता भाग उत्तम आणि कोणता टाकाऊ, आणि का? आणि नातवाने उद्या मोटारीची किल्ली मागितली, तर या चित्रपटांबद्दल त्याला काय सांगाल? पहिल्याचे उत्तर त्यांच्याकडे नक्की असेल. दहाच्या दहा पाहिलेत त्यांनी. दुसऱ्याला ते थोडे थांबतील, आणि थांबले तर मला बरे वाटेल.