हाताने काढावे किती, सांगून करवावे किती?

संगणकाच्या पडद्यावर काही उमटवायचे तर दोन मार्ग असतात. एक, प्रत्येक रेघ, प्रत्येक रंग, प्रत्येक त्रिकोण आपण स्वतः ग्राफिक्स प्रोसेसरला सांगून काढायचा. दुसरा, ‘येथे एक बटण असावे, त्याची रुंदी खिडकीच्या निम्मी असावी’ एवढेच लिहून बाकीचे काम तयार संचावर सोपवायचे. पहिल्यात कसे काढायचे ते सांगावे लागते, दुसऱ्यात काय हवे तेवढेच. कला शाखेच्या वार्षिकांकात हा विषय कशाला, असे कोणी विचारील. माझे उत्तर असे की, या दोन मार्गांची वाटणी हा केवळ यंत्राचा प्रश्न नाही. पडद्यावरचे मराठी अक्षर शुद्ध उमटेल की नाही आणि अंध माणसाला त्या पडद्याचा उपयोग होईल की नाही, हे त्यावर अवलंबून आहे.

उदाहरणादाखल ‘क्यूट’ हा संच घेऊ. नॉर्वेत जन्मलेला हा संच १९९५ साली प्रथम लोकांपुढे आला. २०१० मध्ये त्याच्या ४.७ या आवृत्तीत ‘काय हवे ते सांगणारी’ क्यूएमएल ही भाषा दाखल झाली आणि २०१२ च्या अखेरीस ५.० आवृत्तीत तिच्या पाठीशी ‘सीन ग्राफ’ उभा राहिला. सीन ग्राफ म्हणजे पडद्यावरील सर्व वस्तूंची जणू वंशावळ. सगळे दृश्य आधीच ठाऊक असल्याने सारख्या जातीच्या वस्तू एकत्र करून त्या एका दमात रंगवता येतात.

परंतु त्रिमिती मूर्ती किंवा क्षणोक्षणी हलणारा हजारो बिंदूंचा आलेख दाखवायचा झाला, की तयार बटणे आणि चौकटी अपुऱ्या पडतात. तेथे स्वतःचा कुंचला हाती घ्यावाच लागतो. तो चालवायला मुख्यतः तीन जागा आहेत. पहिली, संचाचे रंगकाम सुरू होण्यापूर्वी किंवा संपल्यानंतर आपले चित्र काढणे. हे सर्वांत स्वस्त, पण चित्र सर्वांच्या खाली तरी राहते किंवा सर्वांच्या वर तरी. दुसरी, वेगळ्या कागदावर चित्र काढून तो कागद दृश्यात चिकटवणे. मग तो फिरवता येतो, फिका करता येतो, दोन बटणांच्या मध्येही सरकवता येतो. तिसरी, आपले आकार थेट त्या वंशावळीतच नोंदवणे.

माझ्या मते सामान्यतः दुसरी वाट धरावी. तिला खर्च आहे हे खरे. ३८४० गुणिले २१६० बिंदूंचा पडदा व्यापणारा कागद, प्रत्येक बिंदूला ४ बाइट धरल्यास, सुमारे ३ कोटी ३२ लक्ष बाइट जागा खातो. शिवाय तो चिकटवण्याचे कामही वाढते. सेकंदाला ६० चित्रे हवी असतील तर एका चित्राला जेमतेम १६ मिलिसेकंद मिळतात, हेही विसरून चालणार नाही. तरीसुद्धा या वाटेवर आपले आणि संचाचे क्षेत्र वेगळे राहते, आणि हा लाभ मला मोठा वाटतो.

कारण एकत्र नांदायचे तर शिस्त लागते. दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात रांधणाऱ्याने भांडी जागच्या जागी ठेवावीत, तसे रंगमिश्रणाचे नि खोलीचे बदललेले नियम पूर्ववत करावे लागतात. नाहीतर संचाची बटणे विद्रूप दिसतात किंवा नाहीशी होतात. शिवाय रंगकामाचा धागा बहुधा मुख्य धाग्याहून वेगळा असतो. मुख्य धागा क्षणभर थांबलेला असतो तेवढ्यातच माहितीची देवाणघेवाण उरकावी लागते.

आणखी एक गोष्ट. २०२० साली क्यूटची ६.० आवृत्ती आली. तिच्यात विंडोजवर डायरेक्ट-थ्रीडी आणि मॅकवर मेटल ही मूळ निवड ठरली. ज्यांनी आपले चित्रकाम थेट ओपनजीएलमध्ये बांधले होते, त्यांना ते नव्याने लिहिणे किंवा ओपनजीएलचा आग्रह धरून बसणे, एवढेच पर्याय राहिले. म्हणून स्वतःच्या हाताने काढलेला भाग जितका लहान, तितका पुढचा त्रास कमी.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. अक्षरे मात्र स्वतः काढण्याच्या फंदात पडू नये. ‘किरण’ लिहिताना संगणकाच्या साठ्यात आधी ‘क’ असतो व मागून वेलांटी. पडद्यावर ती आधी दिसावी लागते. ‘धर्म’मधील रफार ‘म’च्या डोक्यावर चढावा लागतो. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या. हा भेद केवळ ‘र’च्या रूपावर उभा आहे. संचांमध्ये हे काम हार्फबझसारखी अक्षरजुळणीची यंत्रणा करते. एकामागून एक चिन्हे ठेवत जाणारा घरगुती कुंचला इंग्रजीत निभावून जाईल, मराठीची मात्र मोडतोड करील.

अंधांचे तसेच. पडदा वाचून दाखवणाऱ्या यंत्रणेला बटण कळते, कारण संच तिला ते सांगतो. हाताने रंगवलेले बटण तिच्या लेखी नुसता रंग असतो.

यावर कोणी म्हणेल, ‘फ्लटर’ तर सर्व काही स्वतःच रंगवतो. खरे आहे. पण तो अर्थाची एक वेगळी वंशावळही सांभाळतो आणि ती अशा यंत्रणांच्या हवाली करतो. सारे स्वतः काढणाऱ्याने ही जबाबदारीही स्वतः उचलली पाहिजे. एकट्यादुकट्या कार्यक्रमलेखकाला ती क्वचितच पेलते.

तेव्हा माझे मत सरळ आहे. जे संचाला सांगता येत नाही तेवढेच हाताने काढावे, त्याला चौकट आखून द्यावी आणि त्या चौकटीत काय आहे ते शब्दांतही नोंदवावे. आलेखाच्या रेघा आपल्या असोत. त्याखालचे नाव मात्र संचाकडूनच लिहवून घ्यावे.